आकाशातून येणारा टँकर

शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण आपल्याकडे वापरून वापरून इतकी गुळगुळीत झाली आहे की तिच्यातला राग आता बोचत नाही. तो पुन्हा बोचावा असं एक ठिकाण अमेरिकेत आहे. वॉशिंग्टन शहराच्या वायव्येला पन्नासेक किलोमीटरवर, व्हर्जिनिया राज्याच्या लाउडन काउंटीत अ‍ॅशबर्न वसलं आहे. पुण्या-मुंबईच्या आयटीतून तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांना ते चांगलं ठाऊक असतं. जगातली डेटा सेंटरची सर्वांत दाट वस्ती इथं आहे. जगातली सत्तर टक्के इंटरनेट रहदारी इथूनच जाते, असं काउंटीचे अधिकारी वर्षानुवर्षं सांगत आले. या आकड्यामागचं मोजमाप कुणी नीट दाखवलेलं नाही, पण तो निम्मा केला तरी पुढच्या गोष्टीत फरक पडत नाही. कारण याच काउंटीच्या पश्चिम भागात, अ‍ॅशबर्नपासून तास-पाऊण तासाच्या अंतरावर, हजारो घरांच्या दारात इंटरनेटची तार पोहोचलेलीच नव्हती, आणि त्यांतली बरीच घरं छपरावर डिश लावून आकाशाकडून उसनं इंटरनेट घेत होती. उपग्रहावरून येणाऱ्या इंटरनेटचे तोटे विचारले की लोक पाऊस, झाडं, विलंब आणि महिन्याचं बिल मोजतात. ते सगळे खरे आहेत. लाउडनचा इतिहास पाहिल्यावर मात्र असं दिसतं की सर्वांत महागडा तोटा यंत्रात नसून सरकारी नोंदवहीत आहे. टँकर येतो म्हटल्यावर नळयोजनेची फाइल जशी निवांत झोपते, तसंच डिश बसली की तारेचं काम पुढे ढकलायला सगळे मोकळे होतात.

अ‍ॅशबर्नचं जुनं नाव फार्मवेल. रेल्वे १८६० मध्ये काउंटीचं मुख्य गाव लीसबर्गपर्यंत पोहोचली, १८७४ मध्ये पर्सेलव्हिलला गेली आणि १९०० मध्ये ब्लू रिज डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ब्लूमॉन्टला टेकली. फार्मवेल हे या मार्गावरचं एक साधं स्टेशन. आसपास दुभत्या गाईंचे गोठे होते, आणि सकाळचं दूध गाडीत चढून वॉशिंग्टनला जायचं. १८९६ मध्ये गावाचं नाव बदलून अ‍ॅशबर्न झालं. त्याच वर्षी, एक ऑक्टोबरला, लाउडनला लागूनच असलेल्या वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स टाउन आणि शेजारच्या दोन खेड्यांतून अमेरिकेच्या टपाल खात्याने शेतकऱ्याच्या दारात टपाल नेऊन देण्याचा प्रयोग सुरू केला. तोपर्यंत शेतकऱ्याला पत्र आणायला गावात जावं लागे. हा खर्च सरकारला झेपणार नाही, इतकी विखुरलेली घरं धरायची कशी, असे आक्षेप तेव्हाही घेतले गेले. प्रयोग टिकला, देशभर पसरला आणि पुढे रस्ते सुधारण्याचंही एक कारण बनला, कारण टपालवाल्याची गाडी जाईल असा रस्ता नसेल तर ही सेवा मिळत नसे. दूरच्या घरापर्यंत जाणं हे ‘परवडतं की नाही’ या हिशेबापलीकडचं कर्तव्य आहे, ही कल्पना या परिसरात अशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच रुजली होती.

विजेच्या बाबतीत तेच घडलं, पण अधिक झगडून. १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या दहातल्या नऊ शेतघरांत वीज नव्हती. खासगी वीज कंपन्यांचा युक्तिवाद सरळ होता: मैलभर तार ओढायची आणि तीन गिऱ्हाइकं मिळायची, हा धंदा नव्हे. रुझवेल्ट सरकारने त्या वर्षी ग्रामीण विद्युतीकरणासाठी यंत्रणा उभी केली, पुढच्या वर्षी तिला कायद्याचं बळ दिलं आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना स्वस्त कर्ज दिलं. आपल्याकडच्या साखर कारखान्यांची आठवण व्हावी असाच हा मार्ग. १९४९ मध्ये हीच कर्जं टेलिफोनलाही लागू झाली. उत्तर व्हर्जिनियातल्या अशा दोन वीज संस्था १९८३ मध्ये एकत्र आल्या आणि नोव्हेक ही सहकारी संस्था झाली. ती आज डेटा सेंटरना वीज पुरवते. शेताच्या बांधावरचा एक दिवा लागावा म्हणून जन्मलेली चळवळ आता सर्व्हरच्या खोल्या थंड ठेवते, यात दोष देण्यासारखं काही नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी: ‘तुमचं घर लांब आहे, तुम्ही पवनचक्की लावून घ्या’ असं त्या पिढीला कुणी कायमचं उत्तर दिलं नाही. तशा पवनचक्क्या आणि घरगुती जनित्रं बाजारात होती, चांगली चालतही होती. तरी खांब रोवले गेले.

आकाशाचा मोह मात्र या डोंगरांना फार जुना आहे. वॉशिंग्टनमधला एक दंतवैद्य, मॅलन लूमिस, १८६६ च्या ऑक्टोबरात लाउडनमधल्या दोन डोंगरमाथ्यांवर पतंग उडवत होता. पतंगाच्या दोरीच्या जागी तार होती. एका माथ्यावरचा संदेश तारेविना चौदा मैलांवरच्या दुसऱ्या माथ्यावर उमटला, असा त्याचा दावा. १८७२ मध्ये त्याला पेटंटही मिळालं, दुसऱ्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने त्याच्या कंपनीला मान्यता दिली, फक्त पैसा दिला नाही. दावा कितपत खरा, यावर इतिहासकारांना शंका आहे आणि ती रास्त वाटते. त्याच कड्यावर पुढे माउंट वेदर इथं अमेरिकेच्या हवामान खात्याची वेधशाळा झाली आणि १९१० मध्ये तिथून एकामागोमाग बांधलेल्या पतंगांची माळ सात किलोमीटरांहून वर गेली. ज्या कड्याच्या सावलीतली घरं शंभर वर्षांनी डिशला मोकळं आकाश मिळावं म्हणून झाडं तोडायचा विचार करणार होती, त्याच कड्यावरचे हे प्रयोग. तार नको, आकाश पुरेल, या स्वप्नाचं आकर्षण अभियंत्यांना असतंच. खजिनदारांना ते त्याहून जास्त असतं.

इंटरनेट अ‍ॅशबर्नला आलं ते योगायोगाने नाही. १९९२ मध्ये शेजारच्या टायसन्स कॉर्नर इथं ‘मे-ईस्ट’ नावाचा अदलाबदलीचा नाका सुरू झाला. वेगवेगळ्या कंपन्यांची जाळी तिथं एकमेकांना जोडली जात, आणि काही काळ तो चक्क एका तळघरातल्या पार्किंगच्या कोपऱ्यात बांधलेल्या खोलीत होता. १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइनने आपलं मुख्यालय डलस विमानतळाजवळ, लाउडनमध्ये आणलं. इंटरनेट सेवा देणाऱ्या यूयूनेटची मालक कंपनी अ‍ॅशबर्नला आली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या इक्विनिक्सने पुढच्याच वर्षी तिथं आपली पहिली इमारत उघडली, जिथं कुठल्याही कंपनीला दुसऱ्या कुठल्याही कंपनीची तार भिंतीपलीकडून घेता येई. सपाट जमीन स्वस्त होती, वीज मुबलक होती, राजधानी जवळ होती. १९६८ मध्ये बंद पडलेल्या त्या दूधवाहू रेल्वेचा पट्टा वीज कंपनीने विकत घेतला होता, आणि आज उच्च दाबाच्या वाहिन्या त्याच पट्ट्याने जातात, त्यांच्याखालून लोक सायकली चालवतात. एकदा नाका जमला की प्रत्येक नव्या व्यापाऱ्याला त्याच नाक्यावर दुकान हवं असतं. १९६० मध्ये जेमतेम साडेचोवीस हजार वस्तीची ही काउंटी २०२० मध्ये ४ लाख २० हजारांवर गेली, आणि तिचं मध्यक (मीडियन) घरगुती उत्पन्न अमेरिकेत अनेक वर्षं पहिल्या क्रमांकावर राहिलं. जाता जाता एवढं नोंदवायला हवं की तारेशेजारी राहणं म्हणजे तार मिळणं नव्हे, हे खुद्द अ‍ॅशबर्न परिसरातल्या नव्या वसाहतींनीही अनुभवलं. तिथल्या काही वसाहतींना बिल्डरांनी ओपनबँड या एकाच कंपनीशी दीर्घ मुदतीच्या करारांनी बांधून टाकलं होतं, आणि त्यातल्या लॅन्सडाउन वसाहतीचा करार २०१३ मध्ये वरिष्ठ न्यायालयात बेकायदा ठरेपर्यंत रहिवाशांना दुसऱ्या कंपनीची दारं बंदच होती.

पश्चिमेला मात्र गोष्ट वेगळी वळली. कटॉक्टिन डोंगराच्या पलीकडे लव्हेट्सव्हिल, हिल्सबरो, वॉटरफर्ड, ब्लूमॉन्ट ही जुनी गावं, मैलोगणती मुरमाचे रस्ते, घोड्यांची कुरणं, द्राक्षमळे. हा भाग शेतीचाच राहावा म्हणून काउंटीने इथं विरळ वस्तीचे नियम केले. घरं एकत्र गटाने बांधली तर सवलत मिळते, पण मूळ नियमाप्रमाणे काही भागात वीस एकरांत एक घर आणि काही भागात चाळीस एकरांत एक घर. केबल कंपन्यांचे करार सर्वसाधारणपणे ‘मैलामागे इतकी घरं असतील तरच’ या अटीवर चालतात. दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणपणाचे. एकत्र आले की त्यांचा अर्थ असा होतो की शेती वाचवणारं प्रत्येक घर तारेच्या हिशेबातून आपोआप बाद. १९९६ च्याच दूरसंचार कायद्याने, म्हणजे दारपोच टपालाला बरोबर शंभर वर्षं झाली त्या वर्षी, ग्रामीण भागाला शहराशी तुलना करता येईल अशी सेवा तशाच दरात मिळावी असं तत्त्व घातलं होतं. त्या तत्त्वाला १८९६ सारखा टपालवाला मिळाला नाही.

आणि नेमक्या त्याच १९९६ मध्ये उपग्रह बाजारात उतरला. ह्यूजेस कंपनीचं ‘डायरेकपीसी’ घरगुती ग्राहकाला आकाशातून इंटरनेट देऊ लागलं. मागणी टेलिफोनच्या तारेने जायची आणि उत्तर डिशवर यायचं. दोन्ही बाजूंनी उपग्रहावर चालणारी सेवा काही वर्षांनी आली. ह्यूजेसचं ठाणं पोटोमॅक नदीपलीकडे मेरीलँडमधल्या जर्मनटाउनला, म्हणजे पश्चिम लाउडनमधल्या डिश ज्या कंपनीच्या, ती कंपनी जवळपास शेजारचीच. मराठी वाचकाला या गावाशी आणखी एक नातं सांगता येईल. १९७५-७६ मध्ये आपल्याकडच्या सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत ‘साइट’ प्रयोगात ज्या एटीएस-६ उपग्रहावरून दूरदर्शन दाखवलं गेलं, त्याची बांधणी जर्मनटाउनच्याच फेअरचाइल्ड कंपनीने केली होती. भारतात येण्याआधी त्याच उपग्रहावरून अ‍ॅपलाशियाच्या डोंगरी भागातल्या शिक्षकांसाठी प्रशिक्षणवर्ग चालले होते. एकाने बोलायचं आणि हजारोंनी ऐकायचं, अशा कामात उपग्रहाला तोड नाही. इंटरनेटचं काम मात्र सतत सवाल-जवाबाचं असतं, आणि तिथंच घोडं अडतं.

कारण भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. विचारलेला प्रश्न वर जातो, खाली येतो, उत्तर पुन्हा वर जातं आणि खाली येतं. एकूण सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो आणि यंत्रांचा वेळ धरला की सहाशे मिलिसेकंदांच्या पुढे. सिनेमा पाहणाऱ्याला हे जाणवत नाही. व्हिडिओवर बैठक घेणाऱ्या दोघांना जाणवतं, कारण दोघं एकाच वेळी बोलायला लागतात आणि एकाच वेळी थांबतात. हा विलंब लपवण्यासाठी कंपन्या एक युक्ती करतात. संगणकाने धाडलेल्या प्रत्येक पुडक्याची पोच पलीकडून येईपर्यंत न थांबता, घरातलं मोडेमच ‘पोचलं’ असं खोटं सांगून टाकतं आणि पुढची पुडकी मागवतं. साध्या पानांना ही युक्ती लागू पडते. ऑफिसचं व्हीपीएन सुरू केलं की पुडकं कुलूपबंद होतं, मोडेमला आत काय आहे ते दिसत नाही आणि वेग कोसळतो. राजधानीपासून तासाभराच्या या पट्ट्यात सरकारी खाती आणि त्यांचे कंत्राटदार हेच मोठे नोकरीदाते. घरून काम करायचं तर व्हीपीएन सक्तीचं. म्हणजे जिथं या सेवेची गरज सर्वांत जास्त होती, नेमक्या तिथंच ती लंगडी होती. शिवाय व्हर्जिनियातून पाहिलं तर हे उपग्रह डोक्यावर नसून दक्षिणेच्या आकाशात तिरके असतात. दक्षिणेकडे डोंगराचा खांदा किंवा ओकची राई असेल तर विषय संपला. जोराचा पाऊस आला की या लहरी पाण्यात शोषल्या जातात. आणि महिन्याचा कोटा: २०१७ मध्ये ह्यूजेसनेटने नवी सेवा आणली तेव्हा तिच्या योजना दहा ते पन्नास जीबीच्या होत्या. एका तासाच्या व्हिडिओ वर्गाला साधारण एक जीबी लागतो असं धरा. दोन मुलं, रोज पाच तास; सर्वांत मोठी योजना पहिल्याच आठवड्यात आटोपते.

पण त्या २०१७ च्या सेवेकडे जरा निरखून पाहा. वेग किती होता? डाउनलोड २५ आणि अपलोड ३ मेगाबिट. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये ‘ब्रॉडबँड’ शब्दाची व्याख्या किती केली होती? २५ आणि ३. वेगाचा आकडा जुळला; विलंब, कोटा, झाडं यांना व्याख्येत जागा नव्हती. नकाशांची तऱ्हा याहून न्यारी होती. कंपन्या आपली माहिती जनगणनेच्या गटांनुसार द्यायच्या आणि एका गटातल्या एका घराला सेवा देता येत असेल तर सगळा गट ‘सेवा असलेला’ धरला जायचा. ग्रामीण गट मैलोगणती पसरलेला असतो. आपल्याकडे गावठाणातल्या एका चौकात नळ आला म्हणून सगळ्या वाड्या-वस्त्यांसह महसुली गाव टँकरमुक्त ठरवावं, तशी ही गणती. सरकारी मदतीचा पैसाही याच दिशेने वळू लागला. २०१८ च्या लिलावात व्हायासॅट या उपग्रह कंपनीला वीस राज्यांतल्या १ लाख ९० हजार ठिकाणांसाठी १२ कोटी २५ लाख डॉलर मंजूर झाले. डिसेंबर २०२० मध्ये स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक या उपग्रह सेवेने पस्तीस राज्यांतल्या सुमारे ६ लाख ४३ हजार ठिकाणांसाठी ८८ कोटी ५५ लाख डॉलरचा हक्क जिंकला. ऑगस्ट २०२२ मध्ये आयोगाने तो नाकारला. या सेवेने वचनाप्रमाणे वेग देता येईल हे सिद्ध केलेलं नाही आणि ग्राहकाला डिशसाठीच सहाशे डॉलर मोजावे लागतात, ही त्यामागची कारणं होती. पैसा वाचला हे खरं. मधले वीस महिने मात्र ती ठिकाणं कागदावर कुणाच्या तरी नावे लागलेली होती, आणि एकदा असं नाव लागलं की दुसऱ्या योजनेतून तिथं तार नेण्यासाठी पैसा मिळणं अवघड होतं. उपग्रहाने कुणाची वायर कापली नाही. त्याने रांगेतली जागा अडवली.

मार्च २०२० मध्ये शाळा आणि कचेऱ्या बंद झाल्या तेव्हा हा सगळा हिशेब एकदम उघडा पडला. अ‍ॅशबर्नच्या इमारती साऱ्या जगाचे वर्ग आणि बैठका पेलत होत्या, त्याच काउंटीतली पश्चिमेकडची मुलं शाळेने दिलेल्या हॉटस्पॉटवर, मोबाइलची रेंज डोंगराआड जाईपर्यंत, वर्गात बसत होती. काउंटीकडे पैसा नव्हता असं म्हणायची सोय नाही. डेटा सेंटरमधल्या यंत्रांवरच्या कराने तिचा खजिना देशातल्या कुठल्याही काउंटीने हेवा करावा इतका भरला होता आणि त्या बळावर घरांवरचा कर उतरत होता. उपग्रहाची सोय ‘आहेच’ या दिलाशावाचून इतकी वर्षं स्वस्थ बसणं राज्यकर्त्यांना इतकं सोपं गेलं असतं का, हा प्रश्न मला या साऱ्या इतिहासाचा गाभा वाटतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो स्टारलिंकचा, आणि तो वजनदार आहे. मे २०१९ पासून सोडलेले हे उपग्रह साधारण साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतात. विलंब पंचवीस ते साठ मिलिसेकंद, कोट्याची कटकट कमी. २०२० मध्ये व्हर्जिनियाच्याच नैर्ऋत्य टोकाला, कोळशाच्या खाणींच्या वाइज काउंटीत, शाळकरी मुलांच्या ४५ घरांना ही सेवा देण्याचा उपक्रम झाला, तेव्हा त्या घरांना ती पर्वणीच होती. जुन्या भूस्थिर सेवेवर केलेली टीका नव्या सेवेवर चिकटवणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. तरीही दोन गोष्टी उरतात. पहिली, या डिशला आकाशाचा एक छोटा तुकडा पुरत नाही, रुंद घुमट लागतो. ब्लू रिजच्या उतारावर तो झाडांच्या माथ्याहून उंच खांब उभारल्याशिवाय मिळत नाही. दुसरी गोष्ट क्षमतेची. एका पट्ट्यावरचे सगळे ग्राहक एकच झोत वाटून घेतात, म्हणून पूर्व अमेरिकेत बराच काळ प्रतीक्षायादी होती आणि पुढे गर्दीच्या भागात जादा आकार लागला. फायबरमध्ये ग्राहक वाढले तर टोकाची यंत्रं बदलतात, काच तीच राहते. शिवाय या आकाशी रहदारीलाही शेवटी जमिनीवरच्या जाळ्यात शिरावंच लागतं, आणि स्टारलिंकचा असा एक नाका अ‍ॅशबर्नमध्येच आहे. लव्हेट्सव्हिलच्या घरातून निघालेला संदेश अवकाशात जाऊन तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या गावात उतरायची वाट पाहतो, हे चित्र तंत्रज्ञानाचा पराक्रम म्हणून थोर आहे. व्यवस्था म्हणून त्याकडे पाहिलं की हसू येतं.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. पश्चिम लाउडनच्या लोकांनी एकांत स्वतः निवडला, विरळ वस्तीचे नियम मागून घेतले, कुरणं राखली; आता तारेचा खर्च पूर्वेकडच्या सदनिकेत राहणाऱ्याने का उचलावा? यात तथ्य आहे. शंभर एकरांच्या इस्टेटीच्या मालकाला स्वतःच्या पैशाने खासगी वाहिनी ओढून घेता येते आणि त्याच्यासाठी अश्रू ढाळायची गरज नाही. पण तो या प्रश्नात नाहीच. पैसेवाल्याला डिशची वाट पाहावी लागत नाही. अडकतो तो मुरमाच्या रस्त्यावरच्या जुन्या घरातला सुतार, घोड्यांना नाल ठोकणारा, शाळेतली मदतनीस. आणि विरळ वस्तीचा नियम पूर्वेलाही काही देऊन गेला आहे: मोकळं रान, पाण्याचे झरे, शनिवार-रविवारी जायला द्राक्षमळे. जो एकांत सगळ्या काउंटीने नियम करून टिकवला, त्याचं बिल फक्त तिथं राहणाऱ्यांच्या छपरावर चढवणं न्याय्य कसं?

तिसरा आक्षेप वेळेचा. डिसेंबर २०२१ मध्ये व्हर्जिनियाने लाउडनला १ कोटी ७६ लाख डॉलरचं अनुदान दिलं. काउंटीने वेगळी भर घातली, आणि लीसबर्गच्या ऑल पॉइंट्स ब्रॉडबँड कंपनीने वीज कंपनीच्या खांबांवरून साडेआठ हजारांहून अधिक घरांना फायबर द्यायचं ठरलं. राज्याचा वाटा घरामागे सरासरी दोन हजार डॉलरच्या आसपास पडतो. स्टारलिंकचं बिल महिन्याला शंभर-सव्वाशे डॉलर धरलं तर तेवढे पैसे ग्राहक सव्वा ते पावणेदोन वर्षांत भरून बसतो, आणि त्यानंतरही त्याच्या दारात काहीच उभं राहिलेलं नसतं. मात्र काम ठरल्या वेळेत झालं नाही. प्रत्येक खांबावर आधीच्या तारा वर-खाली सरकवून जागा करायची, कुजलेले खांब बदलायचे, त्याचा खर्च कुणी द्यायचा यावर पत्रव्यवहार करायचा. महिने जातात, वर्षं जातात. उपग्रहाची पेटी आठवड्यात दारात येते. तेव्हा ज्याला आज काम करायचं आहे त्याने डिश घ्यावी, यात वाद नाही. मे महिन्यात टँकर अडवणारा माणूस गावाचा मित्र नव्हे. हरकत आहे ती टँकरलाच नळयोजना म्हणून नोंदवण्याला. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यातून निघालेल्या ४,२४५ कोटी डॉलरच्या ब्रॉडबँड योजनेत आधी उपग्रहावर चालणारं घर ‘सेवा नसलेलं’ धरलं जात होतं. जून २०२५ मध्ये केंद्राने नियम बदलले, सगळी तंत्रं एका पंक्तीत बसवली आणि कमी खर्चाला झुकतं माप दिलं. व्हर्जिनियाने तरीही आपल्या आराखड्यात फायबरवर भर ठेवला, तेव्हा स्पेसएक्सने ही उधळपट्टी आहे असा जाहीर आक्षेप घेतला. कंपनीने आपला माल विकावा, तो तिचा धर्मच. पण १९३५ मध्ये पवनचक्की विकणाऱ्याच्या हिशेबाने विद्युतीकरण ठरलं असतं, तर आज अ‍ॅशबर्नच्या डेटा सेंटरला वीज विकणारी ती सहकारी संस्था जन्मालाच आली नसती.

डोंगराळ भागातलं एखादं शेवटचं घर असं असतंच की जिथं तार नेणं खरोखर वेडेपणाचं. ते शेवटचं घर कुठून मोजायचं, यावर सगळा वाद आहे. रेल्वेने ते एकेकाळी ब्लूमॉन्टला मोजलं. १९३९ मध्ये तो शेवटचा तुकडा उखडला आणि शेवटचं स्टेशन पर्सेलव्हिल झालं. सायकलमार्गही आज तिथंच संपतो.

आपल्याकडे ऐरोली आणि गडचिरोली ही नावं एका यमकात बसतात, यापलीकडे त्यांचा आजवर संबंध नव्हता. ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात देशातली मोठमोठी डेटा सेंटर उभी राहत आहेत. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केलं, असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं, आणि गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम या जिल्ह्यांतल्या सरकारी संस्थांची आणि दुर्गम वस्त्यांची नावं त्यात पुढे आली. भामरागडच्या आरोग्य केंद्राला पावसाळ्यात पर्लकोटा नदीवरचा पूल पाण्याखाली असताना डिशचा उपयोग होईल, याबद्दल शंका नको. २०११ मध्ये मंजूर झालेल्या, पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेतली फायबरची तार अनेक ग्रामपंचायतींच्या कपाटापर्यंत येऊन थांबली आहे, ती अजूनही तिथंच आहे. आता या गावांपुढे नोंदवहीत दोन रकाने असतील, ‘जोडलेलं’ आणि ‘जोडायचं राहिलेलं’. डिश बसल्याच्या दुसऱ्या दिवशी तलाठ्याच्या शेजारी बसलेला ऑपरेटर त्या गावापुढची खूण कुठल्या रकान्यात करतो, ते पाहायचं.